न धुतलेली लोकर

प्रिय आबा,

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं. आता ते कारणही उरलं नाही. आता काहीही लिहिलं तरी चालेल, नाही का?

तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. लिहायला बसले ते काल तात्या येऊन गेले म्हणून. तुमचे चुलत भाऊ फुलंब्रीहून एवढ्या लांब शहरात, हडकोत माझ्या पार्लरला आले आणि लेडीज पार्लर म्हणून बाहेरच्या स्टुलावर बसले. येत्या रविवारी गावात बिरोबाच्या देवळापुढं तुमच्यासाठी सगळे जमणार आहेत. "लेक म्हून तू दोन शबूद बोल," म्हणाले. मी हो म्हटलं.

मग चहा पिता पिता म्हणाले, "आबा लई गुणी मानूस. त्या साली देवाच्या घोंगड्याला तेवढा हात चुकला. ते यक सोडलं तर नाव ठिवायला जागा नाय."

मी मान डोलावली. आबा, मी पुन्हा मान डोलावली! अकरा वर्षं डोलावते आहे. तात्या गेल्यावर मी कप विसळले, एका बाईच्या भुवया केल्या आणि पाच वाजता शटर ओढलं. वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. काहीच वाटलं नाही. हल्ली मला काही वाटतच नाही, दाढेचं इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तशी मी सगळीच झाले आहे.

तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा असंच. सगळ्या बायका रडत होत्या आणि मी तुमच्या मिशीकडे बघत होते. मुळांशी पांढरं दिसत होतं, महिनाभर रंग लागला नव्हता. मला पहिलं सुचलं ते हे की टचअप राहिला. अशी कशी हो मी? मृत्यूच्या दाखल्यासाठी क्लार्कने आपल्या धाकट्या बाळूला तुमची जन्मतारीख विचारली, तर त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातला जन्म, आबा असंच सांगायचे. क्लार्कने पेन खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं. एरवी मला हसू आलं असतं.

ती मिशी आठवते? सगळी सुरुवात तिच्यापासूनच की!

पार्लर नवीन होतं. तुम्ही शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी घेऊन आला होता. बाहेर बसायचं सोडून पडदा सारून आत डोकावलात आणि आतल्या बाईने किंचाळायच्या आधी मी तुम्हाला बाहेर काढलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा आत बोलावलं. तुम्ही फरशीवर पडलेली केसांची बट उचललीत, चिमटीत धरून पीळ दिलात आणि म्हणालात, "सुमे, ही लोकरच हाय की!"

मग एकावर एक प्रश्न. हा रंग धुतल्यावर जात कामून नाय? पांढऱ्यावर बसतो, मग तांबड्यावर बसंल का? मी तुम्हाला कोर्समध्ये शिकवलेलं सांगितलं. अमोनियाने केस फुगतो, रंगाचे बारीक बारीक कण आत शिरतात, डेव्हलपर घातला की ते आतल्या आत एकमेकांना धरून मोठे होतात, आणि मग बाहेर पडायला जागा उरत नाही. तुम्ही बाटलीचं बूच काढून वास घेतलात. "आरं, हा तर मेंढवाड्याचा वास! पावसाळ्यात अस्साच येतो," म्हणालात. एवढ्या महाग बाटलीचा तुम्ही मेंढवाडा केलात.

तुम्हाला तो रंग का हवा होता ते मला ठाऊक होतं. गावात काळी मेंढरं संपत आली होती. खाटकाला वजन लागतं, म्हणून सगळे थोराड, पांढऱ्या-तांबूस अंगाची मेंढरं पाळायला लागले होते. आपण तर कळपच विकला होता, बाळू शेंद्र्याच्या कंपनीत लागला होता आणि तुम्ही विकतच्या लोकरीवर माग चालवत होता. लोकर मिळायची ती राखाडी, तपकिरी, कशीही. पण जत्रेत देवाचे टाक ज्या घोंगड्यावर बसतात ते काळंच लागतं, आणि ते विणायचा मान आपल्या घराचा. पणजोबांपासूनचा.

आधी तुम्ही तात्यांना आणि जुन्या माणसांना जाऊन विचारलंत, रंगवलेलं चालंल का? चोरून काही केलं नाहीत. ते म्हणाले, चालंल, पर रंग पक्का पायजे. देवाच्या अंगाला लागता कामा नये.

"आधी मह्या मिशीवर बगू," तुम्ही म्हणालात. फेट्याखाली डोकं पांढरं आणि मिशी कोळशासारखी काळी! गावात लोक विचारत होते, आबा, दुसरं लगीन का? तुम्ही मिशीला पीळ देऊन म्हणायचा, पोरगी बगून ठिवा. आई असती तर तुमचं काही खरं नव्हतं.

मग सुताच्या दोऱ्यावर करून पाहिलं. धुतल्यावर दोरा पुन्हा मळकट पांढरा. मी सांगितलं, सूत झाडाचं असतं आबा, केस आणि लोकर अंगावरची, दोन्ही एकाच जातीच्या पदार्थाची. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, "म्हंजी बाई आन् मेंढरू यकच म्हन की!" मी तुम्हाला ब्रश फेकून मारला होता.

मग तुम्ही आपल्या घरातलं जुनं घोंगडं काढलंत, आईचं, विटून तांबूस झालेलं. त्याचा कोपरा कापून पार्लरमध्ये आणलात. त्या तुकड्यावर रंग असा बसला, असा बसला! तीनदा धुतला, पांढऱ्या फडक्यावर घासला, एक डाग नाही. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. इतकं खूश झालेलं तुम्हाला मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आता ते लिहिते, ज्यासाठी बसले आहे.

नवीन लोकर रंगवायची त्या रविवारी मी गावी आले होते, बॅगेत बाटल्या, मोठा वाडगा, सगळं घेऊन. अंगणात चुलीवर तुम्ही पाणी ठेवलं होतं. रिठे भिजवून ठेवले होते. म्हणालात, "सुमे, नवी लोकर लई चिकट आसती. रिठ्याच्या पान्यातून काढू का आधी?"

मी म्हटलं, नाही. रंगाच्या दिवशी धुवायचं नसतं आबा, आम्ही पार्लरमध्ये कुणाला धुऊन येऊ देत नाही. अंगचं तेल असलेलं बरं.

खरं सांगू? तो नियम डोक्याच्या कातडीसाठी आहे. अंगचं तेल असलं की कातडीची आग होत नाही, एवढंच. लोकरीला कसली कातडी? आणि माणसाच्या केसाला तेल असतं ते चमचाभर, मेंढराच्या लोकरीला असतं ते मेणासारखं दाट. हे मला कळायला हवं होतं. नाही कळलं. तो जुना कोपरा वीस वर्षं धुऊन धुऊन कोरडा झाला होता म्हणून त्याने रंग धरला, हेसुद्धा नाही कळलं. आठ महिन्यांचा कोर्स केलेली मी, आणि तुम्ही पन्नास वर्षं लोकर हाताळलेले. तुम्ही रिठ्याच्या पाण्याकडे एकदा बघितलंत आणि म्हणालात, "तू शिकलेली. तू म्हनशील तसं."

का ऐकलंत माझं? एरवी कधी ऐकलंत का? हातमोजे घाला म्हणून किती ओरडले! मोज्यातनं धागा कळत नाही म्हणून काढून फेकायचात, मग बोटांवर पुरळ, नखं कायमची काळी. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर खोबरेल लावायचात. तिथं नाही ऐकलंत, आणि जिथं ऐकायचं नव्हतं तिथं मुकाट ऐकलंत. याचा मला अजून राग येतो. बघा, राग तेवढा येतो, म्हणजे सगळंच काही बधिर झालेलं नाही.

लोकर काळीभोर दिसली. तुम्ही ती पिंजलीत, गावातल्या बायकांनी सूत काढलं, नेहमीप्रमाणे ताण्याला चिंचोक्याची खळ दिलीत आणि विणलंत. हाताला काही लागत नव्हतं, लागणार कसं? रंग मेणात अडकलेला आणि वरून खळीचा लेप. काळं घोंगडं खांद्यावर टाकून तुम्ही देवळात गेलात तेव्हा बाळूने मोबाइलवर फोटो काढला होता. तो फोटो मी उघडत नाही.

पुढचं तुम्हाला काय सांगायचं! टाक मांडले. आपल्या गावचा रिवाज, टाकांना दुधाने आंघोळ घालायची आणि ते दूध घोंगड्यावरच सांडू द्यायचं. दूध सांडलं, खळ भिजली आणि दूध काळं झालं. टाकांखालून काळे ओघळ निघाले, भंडाऱ्यात गेले, पुजाऱ्याच्या धोतराला लागले. ढोल वाजवणारे थांबले.

मी बायकांमध्ये उभी होते, तुमच्यापासून दहा हातांवर. मला तिथंच कळलं होतं. त्या काळ्या दुधात तेलाचे ठिपके तरंगत होते, आबा. मी रोज बेसिनमध्ये तेच बघत होते. मला कारण कळलं आणि मी पदर तोंडाला लावला.

तुम्ही पुढं झालात. फेटा काढून टाकांपुढं ठेवलात. म्हणालात, "मव्हं चुकलं. मह्या हाताचा दोष हाय. दुसऱ्या कुनाचा नाय."

दुसऱ्या कुणाचा नाही! कुणी विचारलं होतं का तुम्हाला?

पुढच्या आठवड्यात मी पार्लरमध्ये दोन बरण्या घेतल्या. एकीत रिठ्याने धुऊन रंगवलेली लोकर, दुसरीत तशीच न धुता रंगवलेली. दोन्हींत दूध ओतलं. एक पांढरं राहिलं, एक काळं झालं. त्या बरण्या पिशवीत घालून मी गावी आले आणि तुमच्यापुढं ठेवल्या. तुम्ही एकेक बरणी उजेडात धरून बघितलीत. मग म्हणालात, "म्हंजी धुवायला पायजे व्हती."

मी म्हटलं, मी तात्यांना जाऊन सांगते.

तुम्ही म्हणालात, "काय सांगती? तुह्या दुकानात बाया डोकं घिऊन येतेत. सुमीचा रंग उतरतो म्हनले की कोन फिरकंल? मव्हं काय, मव्हं वय झालं."

आणि मी ऐकलं. इतक्या पटकन ऐकलं, आबा! एकदा तरी नाही म्हणायचं होतं, एकदा तरी वाद घालायचा होता. मला तर सुटल्यासारखं वाटलं. येताना बसमध्ये हर्सूल येईपर्यंत मी पार्लरच्या नव्या खुर्च्यांचा विचार करत होते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाळूलाही नाही.

मान गेला. पुढच्या जत्रेपासून देवाचं घोंगडं बाहेरून यायला लागलं. त्या जत्रेला तुम्ही गेलात, मागं बसलात, दुसऱ्याने विणलेल्या घोंगड्याच्या पाया पडलात आणि जेवून आलात. मी विचारलं, कसं होतं? तुम्ही म्हणालात, "वीण बरी हाय. काठ जरा ढिला." त्यापलीकडे कधी एक शब्द नाही.

पण काम सोडलं नाहीत, हे मात्र तुमचंच काळीज. पुढची चार वर्षं तुम्ही तो रंग बसवलात. पार्लरच्या मापाने डेव्हलपर घातला की लोकर कडक होऊन मागावर धागे तुटायचे, तर तो पाव केलात. रिठ्याचं पाणी किती कोमट, किती वेळ, हात किती हलका, कारण चोळलं की लोकर आटते. आम्ही शेवटी कंडिशनर लावतो, तर तुम्ही चिंचेचं पाणी काढलंत. "आंबट लागलं की केस मिटतो," तुम्ही मला सांगितलंत. मला! आणि खरंच होतं ते. मी बायकांना घरी लिंबाच्या पाण्याने केस धुवायला सांगते, ते तुमच्याकडून शिकलेलं आहे, पण तुमचं नाव कधी घेतलं नाही.

शेवटी तुमची घोंगडी पावसात भिजली तरी पाणी स्वच्छ उतरायचं. बिडकीनच्या बाजारात माणसं तुमचं नाव घेऊन विचारायची. फक्त आपल्या गावात, आपल्या देवळापुढं, तुम्ही हात चुकलेले आबाच राहिलात. दर वर्षी जत्रेच्या आधी मला वाटायचं, यंदा सांगू. मग वाटायचं, आता एवढी वर्षं झाली, आता काय.

बाळूने मागाचं काय करायचं विचारलं आहे. मी अजून काही बोलले नाही.

काल रात्री झोप लागली, हेही सांगायला हवं. मला वाटलं होतं लागणार नाही. गाढ लागली.

आज सकाळी अकराला पाटील मॅडम आल्या होत्या. बारा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, शाळेत मुख्याध्यापिका आहेत, बोलायला फटकळ. अर्ध्या डोक्याला रंग लावून झाला होता. आरशात बघून म्हणाल्या, सुमन, दोन महिने बघतेय, तू गप्प गप्प असतेस, वडिलांचं मनाला लावून घेतलंस का?

आणि मी सांगितलं. ब्रश हातात, वाडगा हातात, त्यांच्या डोक्याकडे बघत मी सगळं सांगितलं. लोकर, रिठे, तुम्ही विचारलेलं, मी नको म्हटलेलं, काळं दूध, तुमचा फेटा. माझा आवाज अगदी साधा होता, पत्ता सांगावा तसा. शेजारच्या खुर्च्यांवर फेशियलला बसलेल्या दोघी ऐकत होत्या, तरी थांबले नाही.

पाटील मॅडम म्हणाल्या, "वडील मोठ्या मनाचे गं तुझे." आणि लगेच, "उरलेलं अर्धं डोकं लाव की, एकीकडचं वाळायला लागलं."

मी लावलं. धुऊन, वाळवून झाल्यावर त्यांनी आरशात मागून-पुढून बघितलं आणि पुढच्या महिन्याची वेळ लिहून घेतली. फेशियलवाल्या दोघींपैकी एकीने विचारलं, त्या मेंदीच्या पॅकेजचं काय घेता?

आबा, एवढंच होतं! अकरा वर्षं तुम्ही ज्याच्यासाठी मान खाली घालून जत्रेत मागं बसलात, ते एवढंच होतं. एकही बाई उठून गेली नाही. त्या वेळी सांगितलं असतं तरी कुणी उठून गेलं नसतं. आपण दोघांनी कधी करूनच पाहिलं नाही. मिशीवर केलं, सुतावर केलं, जुन्या कोपऱ्यावर केलं, आणि हे तेवढं न करता आयुष्यभराचं धरून बसलो.

दुपारी मी आतल्या खोलीत जाऊन बसले. वाटलं, आता रडू येईल. नाही आलं. येईल तेव्हा येईल.

रविवारी सकाळच्या बसने निघते. बाळूला आज सांगणार आहे, त्याने गावातून कानावर घ्यायच्या आधी माझ्याकडून ऐकलेलं बरं. देवळापुढं तुमच्याबद्दल सगळे चांगलं बोलतील, तुम्ही किती साधे, किती कष्टाळू. कुणीतरी हात चुकल्याचंही बोलेल, पण प्रेमाने बोलेल. माझी पाळी आली की मी तुमचे गुण सांगत बसणार नाही. मी तात्यांकडे बघून आधी एवढंच म्हणणार आहे, आबांनी लोकर धुऊ का म्हणून विचारलं होतं, मी धुऊ दिली नाही. मग गावाने मला काय म्हणायचं ते म्हणावं. मान परत द्या असं मी मागणार नाही, विणायला आता तुम्ही नाही. पण आबांचा हात कधी चुकला नव्हता, हे देवापुढं, माणसांपुढं, माझ्या तोंडाने सांगून येते. या वेळी पदर तोंडाला लावणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
सुमी